अपडेटच्या आधी: मदरबोर्डच्या सेटिंगची नोंद

धानाची कापणी आटोपली की नागपूरजवळच्या मौद्याच्या राईस मिलच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, केबिनमधल्या कॉम्प्युटरवर आकडा उमटतो, पावती निघते आणि ट्रॉली पुढे सरकते. अनेक काट्यांवर इंडिकेटरमधून निघालेली वायर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या सिरियल पोर्टात जाते. हा पोर्ट मुळात चालू आहे का आणि त्याला कोणता पत्ता दिला आहे, हे मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमधल्या एका ओळीत ठरते. समजा, आदल्या संध्याकाळी कोणी ते फर्मवेअर अपडेट केले आणि ती ओळ बदलली. सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू होईल, वजनाचे सॉफ्टवेअरही उघडेल, फक्त वजन येणार नाही. काट्यावरचा माणूस वायर हलवून बघेल, इंडिकेटर बंद-चालू करेल, सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावेल. या तिन्हींत काहीच बिघडलेले नसेल.

कॉम्प्युटर सुरू होताच विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम म्हणजे हे फर्मवेअर. जुन्या सवयीने आपण त्याला बायोस म्हणतो; गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बोर्डांवर त्याचा नवा अवतार यूईएफआय असतो. फर्मवेअरची फाईल कंपनीच्या साईटवर असते, ती सहसा पुन्हा मिळते. त्या फर्मवेअरमध्ये तुम्ही किंवा तुमच्या मेकॅनिकने केलेली निवड मात्र जगात फक्त त्या एका बोर्डावर असते. कंपनीकडे तिची प्रत नसते. विंडोजचा बॅकअप घेतला, कागदपत्रे पेनड्राइव्हवर ठेवली, तरी त्यात ही निवड येत नाही. या प्रकरणाचा विषय तीच निवड जपून ठेवणे हा आहे.

सेटिंग राहते कुठे?

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये मेमरी किती आणि फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे बोर्डावरच्या बारीक बटणांनी सांगावे लागे. झाकण उघडले की कोणते बटण वर आणि कोणते खाली, हे डोळ्यांनी दिसे. १९८४ च्या पीसी-एटी या मॉडेलमध्ये ही माहिती मोटोरोलाच्या एका चिपमध्ये गेली. त्या चिपमध्ये घड्याळ होते आणि ६४ बाइटची मेमरी होती. घड्याळाचा भाग वगळला की सेटिंगसाठी ५० बाइट उरत. वीज बंद असताना ही मेमरी बॅटरीवर जिवंत राही. या मेमरीसाठी सीमॉस हे नाव तिथून रुळले. सेल काढला की सेटिंग पुसली जाते, हा मेकॅनिकांचा नियमही त्याच काळातला.

आजच्या बोर्डावरही नाण्याएवढा सेल दिसतो, बहुधा सीआर२०३२. तो ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो. मात्र त्याचे मुख्य काम आता घड्याळ चालू ठेवणे हे आहे. २००५ मध्ये यूईएफआय फोरमची स्थापना झाली आणि पुढे ही नवी पद्धत सगळीकडे पसरली. तेव्हापासून बहुतेक सेटिंग एका आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये राहते. आजच्या बोर्डांवर ही चिप साधारणपणे १६ किंवा ३२ एमबीची असते. फर्मवेअरचा प्रोग्रामही तिच्यातच असतो आणि सेटिंगसाठी तिचा एक कप्पा राखलेला असतो. त्यामुळे सेल काढून सगळे पुसले जाईलच असे नाही, आणि सेल नवा आहे म्हणून सगळे टिकेलच असेही नाही. प्रोग्राम आणि सेटिंग एकाच चिपमध्ये शेजारी राहत असल्यामुळे प्रोग्राम बदलताना सेटिंगलाही धक्का लागतो.

अपडेट करताना चिपमध्ये काय होते?

फ्लॅश चिपमध्ये जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे थेट लिहिता येत नाहीत. आधी एक पूर्ण खंड पुसावा लागतो, मग त्यावर नवे लिहिता येते. सर्वांत लहान खंड साधारणपणे ४ केबीचा असतो. अपडेट म्हणजे असे अनेक खंड एकामागून एक पुसणे, लिहिणे आणि तपासणे. सेटिंगचा कप्पा तसाच ठेवायचा की तोही पुसायचा, हे फर्मवेअर बनवणाऱ्याने ठरवलेले असते. काही कंपन्या तो जपतात. काही बोर्डांवर नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होताच सगळे मूळ स्थितीत जाते. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचे वागणेही वेगळे असू शकते. मागच्या वेळी काही झाले नाही, म्हणून या वेळीही होणार नाही असे धरून चालता येत नाही.

या चिपवर चुकीचे लिहिले गेले तर काय होते, हे जगाने २६ एप्रिल १९९९ रोजी पाहिले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. त्याने हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही बोर्डांवर बायोसच्या चिपवरही कचरा लिहिला. त्या मशिनी सुरू होईनात. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात फार मोठे नुकसान झाले. तोवर बायोस म्हणजे बोर्डावर कायमचे कोरलेले काहीतरी, अशीच बहुतेकांची समजूत होती. ते पुसले जाऊ शकते, हे त्या दिवशी सामान्य माणसाला कळले.

मग अपडेट करायचेच कशाला? कारण काही अपडेट खरोखर गरजेची असतात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. त्यावरचा उपाय ऑगस्ट २०२४ पासून फर्मवेअर अपडेटमधून आला. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, तेव्हाही बोर्ड कंपन्यांनी एका व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली ती अपडेटमधूनच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुरू होताना दिसणाऱ्या कंपनीच्या लोगोच्या चित्रातून फर्मवेअरमध्ये घुसण्याची वाट संशोधकांनी दाखवली, आणि ती बुजवायलाही अपडेटच लागले. २०११ मध्ये दिलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, म्हणून अनेक कंपन्या नवी प्रमाणपत्रे असलेले फर्मवेअर देत आहेत. असे ठोस कारण असेल तर अपडेट जरूर करावे. फक्त नवी आवृत्ती दिसली म्हणून रोजीरोटीच्या मशिनला हात लावू नये.

कोणती सेटिंग हरवली तर काय अडते?

सर्वांत घाबरवणारी सेटिंग डिस्कची असते. स्टोरेजसाठी बोर्डावर एएचसीआय, रेड किंवा इंटेलचे व्हीएमडी असे पर्याय असतात. विंडोज ज्या पर्यायावर बसवलेली असते, त्याची तिला सवय असते. अपडेटनंतर पर्याय बदलला तर निळा पडदा येतो आणि डिस्क सापडत नाही असा संदेश दिसतो. खरे तर डिस्कवरचे एक अक्षरही हललेले नसते. जुना पर्याय परत निवडला की विंडोज उठून उभी राहते. पण आधी काय होते हे माहीत नसेल तर कोणीतरी फॉरमॅटचा सल्ला देतो आणि पाच वर्षांची बिले, फोटो, दाखले पुसले जातात. एका ओळीची नोंद नव्हती म्हणून एवढे नुकसान व्हावे, हे मनाला फार लागते.

जुन्या मशिनवर लीगसी किंवा सीएसएम नावाचा पर्याय चालू असतो. जुन्या पद्धतीने बसवलेली विंडोज त्याच्याशिवाय सुरूच होत नाही. अपडेटनंतर तो बंद झाला तर बूट डिव्हाइस नाही असा संदेश येतो. बूटच्या क्रमाचेही असेच. क्रम बदलला की मशिन भलत्याच डिस्ककडे किंवा नेटवर्ककडे बघत बसते.

दुसरी सेटिंग वीज गेल्यानंतरच्या वागण्याची. वीज परत आल्यावर कॉम्प्युटरने आपोआप सुरू व्हावे की बंद राहावे, हे फर्मवेअरमध्ये ठरते. अनेक बोर्डांवर मूळ पर्याय बंद राहण्याचा असतो. गोदामाच्या सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग एखाद्या कॉम्प्युटरवर होत असेल आणि रात्री वीज जाऊन आली, तर सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत काहीही नोंदले जात नाही. ही उणीव चोरी झाल्यानंतरच कळते.

तिसरी पंख्याच्या वेगाची. नागपूरकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या केबिनमध्ये कोणत्या तापमानाला पंखा किती जोराने फिरावा, हे जाणत्या माणसाने बोर्डावर बसवून दिलेले असते. मूळ आलेख शांत, गार खोलीसाठी आखलेला असतो. तो परत आला की दुपारी मशिन मंदावते किंवा आपोआप बंद पडते, आणि दोष विंडोजला दिला जातो.

चौथी तारीख आणि वेळ. सेतू केंद्रातल्या किंवा आपले सरकार सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरची तारीख काही वर्षे मागे गेली, तर ब्राउझर सरकारी पोर्टलला असुरक्षित ठरवतो आणि पान उघडत नाही, कारण पोर्टलच्या प्रमाणपत्राची मुदत त्या खोट्या तारखेशी जुळत नाही. शाळेसाठीचे दाखले काढण्याच्या दिवसांत पालक रांगेत उभे असतात आणि अडचण मात्र उजव्या कोपऱ्यातल्या तारखेत असते.

याखेरीज मेमरीचा वेग असतो. एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय बंद झाला की मेमरी मूळच्या कमी वेगावर जाते. व्हर्च्युअलायझेशन, सिरियल पोर्ट, नेटवर्कवरून मशिन जागी करण्याची सोय हेही पाहावे. प्रत्येकाला यातले सगळे लागत नाही. आपल्याला काय लागते हे आधी माहीत असावे लागते.

प्रोफाइलची फाईल पुरेशी का नसते?

बहुतेक बोर्डांवर सेटिंग साठवण्याची सोय असते. आसूसमध्ये ती टूल विभागात यूजर प्रोफाइल या नावाने मिळते, गिगाबाइटमध्ये सेव्ह अँड एक्झिटमध्ये, एमएसआयमध्ये ओसी प्रोफाइल या नावाने, तर एएसरॉकमध्ये यूजर डिफॉल्टच्या आसपास. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावून प्रोफाइल त्यावर उतरवावी. बोर्डाच्या आतल्या जागेत साठवलेली प्रोफाइल अपडेटबरोबर पुसली जाऊ शकते, म्हणून ती बाहेर काढणे महत्त्वाचे.

पण या फाईलवर पूर्ण विसंबू नये. नवी आवृत्ती आल्यावर बोर्ड जुनी प्रोफाइल अनेकदा नाकारतो आणि त्याला तसे कारण आहे. ती फाईल म्हणजे प्रश्न वगळून फक्त उत्तरे ओळीने लिहून ठेवलेला अर्ज असतो. तिसरे उत्तर हो, चौथे नाही, पाचवे दोन. नव्या आवृत्तीत मध्येच एक प्रश्न वाढला की पुढची सगळी उत्तरे एक घर सरकतात, आणि पंख्याचे उत्तर व्होल्टेजच्या रकान्यात जाऊ शकते. म्हणून नाकारणारा बोर्ड तुमचे भलेच करत असतो. प्रोफाइलची फाईल कामी येते ती त्याच आवृत्तीवर सेटिंग बिघडली तर, किंवा अपडेट मागे घेऊन जुन्या आवृत्तीवर परतलात तर.

खरी भरवशाची नोंद प्रश्न आणि उत्तर दोन्ही जपणारी. ती मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे फोटो. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून फर्मवेअरमध्ये जावे आणि ॲडव्हान्स्ड मोड उघडावा. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा, उपपाने उघडून त्यांचेही काढावेत. अनेक बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबले की पडद्याचे चित्रच त्यावर साठते. पंख्याचा आलेख, स्टोरेज, बूट, पॉवर आणि सिरियल पोर्ट ही पाने अजिबात विसरू नयेत. फर्मवेअरचा पासवर्ड फोटोत दिसत नाही, तो मालकाने वेगळा आणि जपून लिहावा.

डेल, एचपी आणि लेनोव्हो यांच्या ऑफिससाठीच्या मशिनींना आणखी चांगली सोय आहे. या कंपन्यांची मोफत साधने सेटिंगचे नाव आणि मूल्य जोडीने लिहिलेली फाईल बाहेर काढतात, आणि तीच फाईल दुसऱ्या तशाच मशिनवर लावता येते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या खोलीत एकाच मॉडेलचे दहा कॉम्प्युटर असतील तर हे साधन फार उपयोगी आहे.

फोटोंनंतर वहीचे एक पान. त्यावर बोर्डाचे मॉडेल आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांक लिहावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळी फाईल लागू शकते. विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये दिसणारी सध्याची बायोस आवृत्ती आणि तिची तारीख लिहावी. मग मूळ स्थितीपेक्षा वेगळी असलेली प्रत्येक सेटिंग, आणि तिच्यापुढे ती का बदलली याचे चार शब्द: वजनकाट्यासाठी, कॅमेऱ्यासाठी, उन्हाळ्यासाठी. फोटो काय होते ते सांगतो. का होते हे फक्त हातची नोंद सांगते, आणि मेकॅनिक बदलला तरी मशिनची समज त्या पानावर उरते.

संपूर्ण चिपची हुबेहूब प्रत काढण्याचाही मार्ग आहे, पण तो क्लिप आणि प्रोग्रामर ही साधने वापरणाऱ्या जाणकाराचा. त्या प्रतीत बोर्डाचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ताही असू शकतो, म्हणून ती त्याच बोर्डावर परत लिहायची असते. सारख्या मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डावर ती चढवू नये.

४८ आकड्यांची किल्ली

अपडेटच्या आधी आणखी एक गोष्ट हातात असायलाच हवी. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की बिटलॉकरचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असू शकते. या कुलपाची चावी टीपीएम नावाच्या सुरक्षित भागात असते. सुरू होताना फर्मवेअरचे माप त्या भागात नोंदले जाते आणि माप ओळखीचे वाटले तरच तो चावी देतो. अपडेटने माप बदलले की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्कवरची माहिती कोणालाच उघडता येत नाही, कंपनीलाही नाही.

ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पाहता येते. ती कागदावर छापून मशिनपासून दूर ठेवावी. अपडेटच्या आधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर सस्पेंड करावे, म्हणजे तात्पुरते थांबवावे. एन्क्रिप्शन काढून टाकायची गरज नसते. एएमडीच्या काही बोर्डांवर अपडेटनंतर एफटीपीएम रिसेट करायचे का असा प्रश्न येतो. हातात की नसताना त्याला हो म्हणू नये.

वीज आणि वेळ

मौद्याच्या एनटीपीसी वीजकेंद्राची क्षमता २,३२० मेगावॅट आहे. ५०० मेगावॅटचे दोन संच आणि ६६० मेगावॅटचे दोन. पण ही वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांनी दूरवर जाते. गावातल्या दुकानाला वीज मिळते ती महावितरणच्या फीडरवरून, आणि अवकाळी वाऱ्यात त्या फीडरवर फांदी पडली की शेजारचे केंद्र चालू असूनही दुकान अंधारात जाते. अपडेटला लागणारी काही मिनिटे म्हणजे अर्धे खंड जुने आणि अर्धे नवे असण्याची वेळ. तेव्हा वीज गेली तर साध्या बोर्डाला उठायलाच येत नाही.

म्हणून आभाळ भरून आले असेल तर काम दुसऱ्या दिवशी करावे. यूपीएस असेल तर आधी त्याची परीक्षा घ्यावी: कॉम्प्युटर चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढावा आणि दहा मिनिटे तग धरतो का ते पाहावे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही जोडलेला असावा. काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते. काहींवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून फर्मवेअर भरता येते. आपल्या बोर्डावर ही सोय आहे का, हे पुस्तिकेत आधीच पाहावे. ती नसेल आणि अपडेट मध्येच तुटले, तर चिप पुन्हा लिहून घ्यायला सुमारे ३५ किलोमीटरवरच्या नागपुरात जावे लागू शकते, आणि तोवर काटा किंवा काउंटर बंद.

सध्याच्या आवृत्तीची फाईलही उतरवून ठेवावी, मात्र काही बोर्ड मागच्या आवृत्तीवर परत जाऊ देत नाहीत हे लक्षात असू द्यावे. अपडेट पूर्ण झाल्यावर पुन्हा फर्मवेअरमध्ये जावे, एकदा मूळ सेटिंग लोड करावी आणि मग वही उघडून एकेक ओळ भरावी. आधी स्टोरेज आणि बूट, मग तारीख, मग पॉवर, पोर्ट, पंखा आणि शेवटी मेमरीचा वेग. विंडोज नीट सुरू झाली की बिटलॉकर पुन्हा चालू करावे. मग खरे काम करून पाहावे: एक वजन घ्यावे, एक दाखला उघडावा, मशिन बंद करून मेन स्विच बंद-चालू करावा आणि ती आपोआप उठते का ते पाहावे.

अपडेट आपण ठरवू तेव्हाच होते, हा समजही आता सोडायला हवा. अनेक लॅपटॉप आणि ब्रँडेड डेस्कटॉपवर फर्मवेअर विंडोज अपडेटबरोबर येते आणि रीस्टार्ट करताना आपोआप चढते. बंद करताना कोणी घाईत अपडेट अँड शट डाउन निवडले तरी पुरते. मग नोंद करायला उसंत मिळत नाही. म्हणून ही नोंद अपडेटच्या दिवशी करायची नसून मशिन व्यवस्थित चालू असलेल्या आजच्या दिवशी करायची. पडद्याचे फोटो, वहीचे एक पान आणि ४८ आकड्यांची एक चिठ्ठी यासाठी अर्धा तास लागतो. हे पान मालकाकडे राहिले पाहिजे, मेकॅनिकच्या डोक्यात नाही. ज्याचे काम ज्या मशिनवर चालते, तिच्यावर घेतलेल्या निर्णयांचा ताबाही त्याच्याकडेच असायला हवा.